दार उघडं आहे, वेळेत पोचू या

(दिंडीच्या शताब्दी सोहळ्यात सेवा समितीच्या वतीने केलेले भाषण. बोलण्यातली भाषा तशीच ठेवली आहे.)





आपल्या दिंडीला शंभर वर्षं झाली. सकाळपासून तुम्ही दिंडीचा इतिहास ऐकला. बैलगाडीतून सामान जायचं ते दिवस ऐकले, दुष्काळातली वारी ऐकली, नदीला पूर आला तेव्हाचा मुक्काम ऐकला. ते सांगणारे आमच्यापेक्षा अधिकारी आहेत. आम्ही सेवा समितीची माणसं. राहुट्या ठोकणं, पाण्याचा टँकर बघणं, कुणाच्या पायाला फोड आले तर मलम लावणं, एवढंच आमचं काम. आम्हाला दिंडीचालकांनी सांगितलं, "सेवेवर चार शब्द बोला." आम्ही म्हणालो, बोलतो, पण गोड बोलणार नाही. आमच्या हातून झालेली एक चूक आधी सांगतो. ती सांगितल्याशिवाय पुढचं बोलायचा आम्हाला हक्क नाही.

जुन्या मंडळींना आठवत असेल. पंचवीस-तीस वर्षांपूर्वी आपल्या एका पखवाजींना मुलगी झाली. पोर दिसायला गोड, पण अंगाला लागेना. दूध ओढताना दमायची, दोन घोट घेतले की सोडून द्यायची आणि थंडीच्या दिवसातसुद्धा कपाळावर घाम. सारखी सर्दी, सारखा कफ, छाती भात्यासारखी हलायची. आईनं आपल्या बायकांत बोलून दाखवलं. आपण काय सांगितलं? दृष्ट काढा. अंगारा लावा. नवस बोला. तालुक्याच्या डॉक्टरनं "हृदयाचा आवाज बरोबर नाही, मोठ्या दवाखान्यात दाखवा" असं चिठ्ठीवर लिहून दिलं होतं. ती चिठ्ठी घरातल्या फोटोमागं खोचून ठेवली. मोठा दवाखाना म्हणजे जमीन विकायची, असंच तेव्हा सगळ्यांच्या मनात. आम्हीही तेच म्हणालो. "पांडुरंगाच्या मनात असेल तसं होईल," हे वाक्य आमच्याच तोंडचं.

आणि गंमत बघा, माउली. पोर दोन-तीन वर्षांची झाली आणि तिची धाप कमी झाली. अंगानं जरा भरली. आपण सगळे म्हणालो, नवस फळला. दिंडीत पेढे वाटले. आम्हीही खाल्ले.

पोर अकरा वर्षांची झाली तेव्हा तिचे ओठ निळसर दिसायला लागले. तेव्हा कुठं कुणीतरी मुंबईतल्या एका धर्मादाय रुग्णालयाचं नाव सांगितलं. तिथं मुलांच्या हृदयाची ऑपरेशनं फुकट होतात म्हणाले. आम्ही दोघं-तिघं पखवाजींबरोबर गेलो. तपासण्या झाल्या. एक पैसा कुणी मागितला नाही. मग डॉक्टरांनी आम्हाला बसवून सांगितलं, "पैशाची काळजी करू नका. पण आता ऑपरेशन करता येणार नाही. पहिल्या वर्षात आणली असती तर झालं असतं."

आम्ही शेतकरी माणसं, म्हणून त्यांनी शेतातलंच उदाहरण दिलं. हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमध्ये पडदा असतो, तो म्हणजे बांध. त्या बांधाला जन्मापासून मोठं भोक होतं. अंगाकडं जायचं रक्त जोरानं शेजारच्या कप्प्यात आणि तिथून परत फुप्फुसात घुसत होतं. फुप्फुसातल्या नाजूक नळ्यांना एवढा जोर सोसत नाही. त्या जाड होतात, कडक होतात. नळ्या कडक झाल्या की तिकडं जाणारं रक्त कमी होतं, म्हणून मूल काही दिवस बरं झाल्यासारखं दिसतं. आणि मग एक दिवस प्रवाह उलटा फिरतो, अशुद्ध रक्त अंगात जातं, ओठ निळे पडतात. त्या अवस्थेत भोक बंद केलं तर मूल वाचत नाही.

ज्या वर्षी आपण पेढे वाटले, माउली, त्याच सुमाराला ऑपरेशनची वेळ निघून चालली होती.

ती पोर पुढं आठ वर्षं जगली. चालवत नव्हतं, म्हणून सामानाच्या ट्रकमध्ये बसून चार वाऱ्या तिनं केल्या. हरिपाठ तिला सगळा पाठ होता. एकोणिसाव्या वर्षी गेली. पखवाजींनी आम्हाला कधी एका शब्दानं बोल लावला नाही. पण आम्ही स्वतःला काय सांगायचं? पैसा नव्हता म्हणून ती गेली असं नाही. उपचार फुकट होता. आम्हाला उशीर झाला.

तेव्हापासून आम्ही एक गोष्ट गाठीला बांधली. धर्मादाय रुग्णालयाच्या दाराशी गरिबाला पैसा अडवत नाही तेवढा उशीर अडवतो. आणि उशीर घालवणं हे डॉक्टरांच्या हातात नाही, ते तुमच्या-आमच्या हातात आहे.

आता दुसरी गोष्ट. ती दिवे घाटातली आहे.

आठ-नऊ वर्षं झाली असतील. पालखी पुण्याहून सासवडला निघाली होती. दिवे घाटाचा चढ तुम्हाला ठाऊक आहे. आपल्या दिंडीत एक आजी सात वर्षांच्या नातवाला घेऊन आल्या होत्या. पोरगं शंभर पावलं चालायचं आणि रस्त्याच्या कडेला उकिडवं बसायचं. पुन्हा उठायचं, चालायचं, पुन्हा बसायचं. मागचे म्हणायचे, "अरे, लाडावलंय, उठव त्याला." आमच्यातल्याच एकानं त्याला दटावलं.

घाटात एक तरुण डॉक्टर बाई वैद्यकीय पथकाबरोबर चालत होत्या. त्या थांबल्या. पोराची बोटं हातात घेतली. नखं घुमटासारखी फुगलेली, ओठ जांभळे. आजींना विचारलं, "हा नेहमी असाच बसतो का?" आजी म्हणाल्या, "हो गं बाई, लहानपणापासून. तसं बसलं की त्याला बरं वाटतं." डॉक्टर आम्हाला म्हणाल्या, "हे पोर आळशी नाही. काही मुलांच्या हृदयात जन्मतः असा दोष असतो की फुप्फुसाकडं रक्त कमी जातं. उकिडवं बसलं की ते थोडं वाढतं. त्याचं शरीरच त्याला बसवतंय. याला आता एक पाऊल चालवू नका."

त्याला गाडीत बसवून तपासणीला नेलं. हृदयाची सोनोग्राफीसारखी तपासणी असते, तिला इको म्हणतात. दोष निघाला. ऑपरेशन पहिल्या-दुसऱ्या वर्षीच व्हायला हवं होतं, पण याच्या दोषात फुप्फुसावर जादा जोर आलेला नव्हता, म्हणून वेळ गेली नव्हती. ऑपरेशन झालं. फुकट झालं. यंदाच्या वारीत त्या मुलानं आमच्याबरोबर राहुट्या ठोकल्या. तो इथं मंडपात कुठंतरी वाढप्यांत असेल. त्याला हाक मारत नाही, लाजतो.

एक पोर गेलं, एक राहिलं. दोन्ही आपल्याच दिंडीतली. फरक कशानं पडला? बघणाऱ्याला कळलं, आणि कळल्यावर तो थांबला नाही.

आता ही दारं कुठं आहेत ते सांगतो. लिहून घेतलंत तर बरं.

मुंबईत परळला बाई जेरबाई वाडिया यांच्या नावाचं मुलांचं हॉस्पिटल आहे, १९२९ सालापासून. गिरणीवाल्या वाडिया घराण्यातल्या मुलांनी आईच्या नावानं ते उभारलं. तेव्हा परळ-लालबागच्या गिरण्यांमध्ये कोकणातली, घाटावरची आपलीच माणसं राबत होती, चाळीत एकेका खोलीत राहत होती. त्यांच्या लेकरांना वेगळा दवाखाना हवा, हे त्या काळी कुणाच्या तरी मनात आलं. म्हणजे आपली दिंडी आणि तो दवाखाना साधारण एकाच पिढीचे. नव्या मुंबईत खारघरला श्री सत्य साई संजीवनी रुग्णालय आहे, तिथं मुलांच्या हृदयावरचे उपचार विनामूल्य होतात. त्या रुग्णालयात बिल भरायची खिडकीच नाही. जन्मतः ओठ किंवा टाळू फाटलेल्या मुलांची ऑपरेशनं फुकट करून देणाऱ्या संस्था आहेत, त्यांचं काम आपल्या राज्यातल्या अनेक रुग्णालयांत चालतं.

याशिवाय एक कायद्याची गोष्ट. आपल्या राज्यातली जी मोठी रुग्णालयं ट्रस्टची, म्हणजे धर्मादाय म्हणून नोंदलेली आहेत, त्यांनी शंभरातल्या दहा खाटा निर्धन रुग्णांसाठी फुकट आणि दहा खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायच्या असतात. उच्च न्यायालयाच्या आदेशानं २००६ सालापासून ही योजना लागू आहे. इमारत कितीही चकचकीत असो, बाहेर काचेचं दार असो, ट्रस्टचं असेल तर आत या खाटा आहेत. तिथं गेल्यावर वैद्यकीय समाजसेवक कुठं बसतात ते विचारायचं. रेशनकार्ड आणि तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला लागतो. जिवावर बेतलेलं असेल तर आधी दाखल करून घ्यायचं, अनामत रकमेसाठी अडवायचं नाही, असंही त्या योजनेत आहे. दाद धर्मादाय आयुक्तांकडं मागता येते.

आणि सगळ्यात जवळचं दार आपल्या गावातच आहे. २०१३ साली राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला, त्याची सुरुवातच आपल्या महाराष्ट्रात, पालघरला झाली. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते. अंगणवाडीत वर्षातून दोनदा, शाळेत वर्षातून एकदा डॉक्टरांचं पथक येतं. पथक यायचं असतं त्या दिवशी आपण पोराला घेऊन पाहुण्यांकडं जातो, जत्रेला जातो. हे करू नका. दोष सापडला तर पुढची तपासणी आणि ऑपरेशन सरकारी खर्चानं होतं. दिवे घाटातल्या त्या पोराचं याच वाटेनं झालं.

आता मायमाउल्यांना विशेष सांगणं आहे, कारण पोर तुमच्या मांडीवर असतं. दूध ओढताना बाळ दमतं, कपाळावर घाम येतो, वजन वाढत नाही, तर दृष्ट काढायची असेल तर काढा, पण त्याच दिवशी दवाखान्यात न्या. रडताना ओठ, नखं निळी पडतात, त्याच दिवशी न्या. खेळता खेळता पोर सारखं उकिडवं बसतं, न्या. बाळाचे पाय आत वळलेले आहेत, तर "मोठं झालं की सरळ होतील" म्हणू नका. जन्मानंतर लवकर सुरुवात केली तर आठवड्याला एक असं पाच-सात वेळा प्लॅस्टर घालून पाय सरळ करता येतात, पुष्कळदा मोठं ऑपरेशन लागतच नाही. मागं ताटली वाजवली तरी बाळ वळून बघत नाही, तर "आमच्याकडं उशिराच बोलतात" असं म्हणून वर्ष घालवू नका. बाळाच्या डोळ्याच्या बाहुलीत पांढरं चमकताना दिसलं, तर उद्यावरसुद्धा टाकू नका.

लोक आम्हाला दोन गोष्टी म्हणतात. एक, "फुकट म्हणजे शिकाऊ हात पोरावर फिरवणार." तसं नाही. मुलाच्या मुठीएवढ्या हृदयावर ऑपरेशन करणारे सर्जन शिकाऊ नसतात. त्यांनी त्यात आयुष्य घातलेलं असतं. तुम्ही पैसे दिले नाहीत म्हणजे कुणी दिलेच नाहीत असं नव्हे. कुणीतरी दान दिलेलं असतं.

दुसरी गोष्ट जास्त अवघड. कुणी म्हणतं, "फुकटाचं घ्यायला लाज वाटते." माउली, आळंदीपासून वाखरीपर्यंत गावोगावच्या पंगतीला आपण बसतो. कोण वाढतं, कुणाच्या घरचं धान्य, आपण विचारत नाही. पिठलं-भाकरी असो की पुरणपोळी, प्रसाद म्हणून घेतो. तिथं लाज वाटत नाही, मग लेकराच्या जिवासाठी दुसऱ्याचं दान घेताना का वाटावी? ज्याला जमेल त्यानं वाढावं, ज्याला लागेल त्यानं घ्यावं, एवढंच आपल्याला वारीनं शिकवलं आहे.

पण एक खरं सांगितलं पाहिजे. ऑपरेशन फुकट असलं तरी सगळं फुकट नसतं. बापाची रोजंदारी बुडते. दुसरं पोर घरी ठेवायला कुणी नसतं. एसटीचं भाडं, चहा, औषधाची चिठ्ठी, आणि मुंबईत राहायचं कुठं? त्या मुलाच्या वेळी आधारकार्डावर एक नाव, रेशनकार्डावर दुसरं, त्यात तीन आठवडे गेले. त्या तीन आठवड्यांत आजी दोनदा परत फिरायच्या बेतात होत्या. आमचा एक माणूस बरोबर होता म्हणून त्या टिकल्या. आईबाप डॉक्टरांच्या बोलण्याला घाबरत नाहीत तेवढे एकटेपणाला घाबरतात.

गाडगेबाबांनी हे फार आधी ओळखलं होतं. पंढरपूर, आळंदी, देहू, नाशिक, जिथं गरीब माणूस येतो आणि उघड्यावर झोपतो, तिथं त्यांनी धर्मशाळा बांधून घेतल्या. आज दादरला त्यांच्या नावाच्या धर्मशाळेत परळच्या टाटा रुग्णालयात आलेली माणसं आणि त्यांचे नातेवाईक उतरतात. कर्करोगाच्या उपचाराला आलेल्या मुलांसाठी आणि त्यांच्या आईबापांसाठी मुंबईत सेंट ज्यूड नावाची संस्था २००६ सालापासून राहायची फुकट सोय करते आहे. मुलांचा रक्ताचा कर्करोग पुष्कळदा बरा होतो, पण उपचार दोन-तीन वर्षं चालतात. राहायला जागा नाही, भाडं नाही म्हणून मधेच उपचार सोडून गावी परतलेली मुलं दगावतात. निम्मी वारी करून घरी फिरलं तर चालेल, विठोबा रागावत नाही. पण निम्मा उपचार करून फिरलं तर चालत नाही.

सगळीच मुलं बरी होऊन येतात असं आम्ही म्हणणार नाही. आम्ही बरोबर गेलो त्यातलं एक बाळ ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी गेलं. त्याचा बाप गाडीत काही बोलला नाही. गाव जवळ आल्यावर म्हणाला, "दादा, बघितलं तरी. आता मनाला बोच नाही." वर्षानं त्यांना दुसरं मूल झालं, तेव्हा आईनं स्वतः होऊन बाळाची इको करून घेतली. बाळ चांगलं आहे. हेही सेवेचंच फळ आहे असं आम्ही धरतो.

शताब्दीच्या निमित्तानं सेवा समितीनं काही गोष्टी ठरवल्या आहेत. त्या तुमच्यासमोर ठेवतो, तुमची संमती हवी.

पहिली. दिंडीच्या हजेरीवहीत यंदापासून शेवटची चार पानं वेगळी ठेवली आहेत. आपल्या दिंडीतल्या गावांमध्ये जन्मलेलं जे मूल दमतं, निळं पडतं, लंगडतं, ऐकत नाही, त्याची नोंद तिथं होईल. नाव, गाव, कुठं दाखवलं, पुढची तारीख कधी. वही विणेकऱ्यांकडं राहील. घरची गोष्ट चारचौघांत फोडायची नाही, हा नेम.

दुसरी. दिंडीच्या भिशीतून दरवर्षी काही रक्कम बाजूला पडेल, ती फक्त प्रवासाला आणि मुक्कामाला. ऑपरेशनला पैसे द्यायचे नाहीत, कारण ते फुकट होतं. एसटीला, जेवणाला, बुडालेल्या रोजाला द्यायचे. आणि माणूस बरोबर जायचा. एकट्या आईला मुंबईला पाठवायचं नाही.

तिसरी. हृदयाच्या ऑपरेशनला रक्त लागतं. आपल्या दिंडीत अठरा ते चाळीस वयाची पोरं कमी नाहीत. त्यांनी आपला रक्तगट त्या वहीत लिहून ठेवावा. खांद्यावर पताका घेतो, तसा हा एक नेम समजावा.

चौथी गोष्ट तुम्ही करायची आहे. कुणाचं बाळ बघायला गेलात आणि काही वेगळं दिसलं, तर मनात ठेवून परत येऊ नका. त्या माउलीला बाजूला घेऊन हळूच सांगा, "बाई, एकदा दाखवून ये, मी येते बरोबर." एवढं एक वाक्य. ते आम्ही तेव्हा बोललो नाही.

पखवाजी आज या मंडपात बसले आहेत. या भाषणाआधी आम्ही त्यांच्या घरी गेलो, म्हणालो, "तुमच्या लेकीची गोष्ट सांगू का? नको म्हणालात तर नाही सांगणार." त्यांनी थोडा वेळ पखवाजाची शाई हातानं पुसली आणि म्हणाले, "सांगा. पण पेढ्यांचंही सांगा. ते लोकांना कळायला पाहिजे."

म्हणून सांगितलं, माउली. वहीतलं पहिलं नाव त्यांनीच लिहून दिलं आहे. त्यांच्या गावातलं चार महिन्यांचं बाळ आहे, दूध पिताना घामेजतं. येत्या सोमवारी तपासणीची तारीख मिळाली आहे. आमच्यातले दोघं बरोबर जाणार आहेत.

राम कृष्ण हरी.